मेंढीचं डोकं आणि लाळेची वाट

जिभेचं टोक गालाच्या आतल्या बाजूने वर न्या. अक्कलदाढेच्या अलीकडची जी वरची दाढ, तिच्या बरोबर समोर गालावर एक बारीक उंचवटा लागेल. बऱ्याच जणांना तो एखाद्या दिवशी अचानक जाणवतो आणि तोंडात गाठ आली म्हणून ते घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडे येतात. ती गाठ नसते. कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी तिथे तोंडात उघडते. बोटाने गाल कोरडा पुसून घेतला आणि चिंचेचं बुटुक जिभेवर ठेवलं, तर त्या उंचवट्यातून लाळेचा स्वच्छ थेंब बाहेर येताना आरशात दिसू शकतो.

आज या नळीबद्दल आणि ती शोधणाऱ्या माणसाबद्दल लिहिते आहे. निमित्त आमच्या ओपीडीतलं आहे.

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. उजव्या कानाच्या पाळीखाली लिंबाएवढी गाठ. चार वर्षं होती. दुखत नव्हती, म्हणून आधी लेप, मग कुणीतरी सांगितलेला शेक, मग दुर्लक्ष. ऑपरेशनचं नाव काढताच ते खुर्चीतून अर्धे उठले. अशाच ऑपरेशननंतर ओळखीतल्या कुणाचं तरी तोंड वाकडं झालं आणि डोळा मिटेनासा झाला, असं त्यांनी ऐकलं होतं. गाठ कानाखाली, मग डोळ्याचा काय संबंध, असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्यांचा केसपेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला पेनाने चित्र काढलं.

पॅरोटिड हे या ग्रंथीचं नाव ग्रीक भाषेतून आलं आहे. अर्थ सरळ आहे, कानाजवळची. लाळ तयार करणाऱ्या तीन मोठ्या जोड्यांपैकी ही सर्वांत मोठी. प्रत्येक बाजूची ग्रंथी साधारण १५ ते ३० ग्रॅमची. खालच्या जबड्याचं हाड पुढे आणि कानामागचं टणक हाड मागे, या दोघांमधल्या खाचेत ती पाचरीसारखी बसलेली असते. तिचा काही भाग पुढे गालावर पसरतो. तिच्याभोवतीचं आवरण घट्ट, फारसं न ताणणारं. गालगुंड झालेल्या मुलाला घास चावणं नको होतं ते यामुळे. विषाणूमुळे ग्रंथी सुजते, पण पसरायला जागा नसते. त्यात आंबट काही दिलं की लाळ जोराने सुटते आणि पोर कळवळतं.

आता दात घट्ट आवळा. गालावर एक जाड स्नायू टणक होईल. त्या स्नायूवरून, गालाच्या हाडाच्या बोटभर खाली, ग्रंथीची नळी आडवी पुढे जाते. बोट खालीवर फिरवलं तर बारीक दोरीसारखी ती बोटाखाली घरंगळते. लांबी सुमारे पाच सेंटिमीटर. स्नायूची पुढची कड आली की ती एकदम आत वळते, गालाचा आतला स्नायू भेदते, अस्तराखालून थोडी तिरकी सरकते आणि दाढेसमोर उघडते. हा तिरकेपणा उपयोगाचा आहे. आपण फुगा फुगवतो तेव्हा तोंडातल्या हवेच्या दाबाने नळीचं तोंड दाबलं जातं आणि हवा ग्रंथीत शिरत नाही. क्वचित काही जणांत मात्र शिरते. काच फुंकणारे कारागीर आणि तुतारीसारखी वाद्यं वाजवणारे लोक यांचे गाल अशा हवेने फुगल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

आणि डोळ्याचा संबंध? चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानामागे कवटीतून बाहेर पडते आणि थेट या ग्रंथीत शिरते. आत तिला फाटे फुटतात. आम्ही ते पाच मोजतो. एक कपाळाकडे, एक डोळ्याच्या बाजूला, एक गाल आणि वरच्या ओठाकडे, एक खालच्या ओठाकडे, एक मानेकडे. ही नस ग्रंथीला स्वतः काहीच देत नाही. लाळ सोडण्याचा हुकूम दुसऱ्याच नसेकडून येतो. एखाद्याच्या वाड्यातून गावचा रस्ता जावा, तशी ही नुसती आतून जाते. त्यामुळे गाठ काढणाऱ्या सर्जनला आधी हा रस्ता शोधावा लागतो, आणि मग तो सांभाळून बाकीचं काम करावं लागतं.

चित्रात नळी काढताना तिचं नाव सवयीने माझ्या तोंडून गेलं, स्टेनसन्स डक्ट. गृहस्थांनी लगेच विचारलं, हे स्टेनसन कोण? बाहेर ऐंशी लोकांची रांग होती. मी नंतर सांगते म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हे नाव पाठ केलं होतं, त्यापलीकडे काही नाही.

नील्स स्टेनसन १६३८ च्या जानेवारीत कोपनहेगनमध्ये जन्मला. लॅटिनमध्ये लिहिताना तो निकोलस स्टेनो झाला. वडील सोनार, राजघराण्याचं काम करणारे. बारीक चिमटे आणि कोरण्या त्याच्या लहानपणापासून नजरेसमोर असणार. तिसऱ्या वर्षी तो असा आजारी पडला की पुढची सुमारे तीन वर्षं घरातच काढावी लागली, सोबतीला फक्त मोठी माणसं. बरा होतो न होतो तोच वडील गेले. शाळेत असताना शहरात प्लेग आला आणि त्याच्या शाळेतली दोनशेहून जास्त मुलं दगावली. १६५६ मध्ये तो विद्यापीठात वैद्यक शिकायला लागला. शरीरातल्या लसिकावाहिन्यांवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले थॉमस बार्थोलिन हे त्याचे गुरू. दोन वर्षांत स्वीडनच्या सैन्याने कोपनहेगनला वेढा घातला आणि विद्यार्थ्यांना तटावर पहारे द्यावे लागले. त्या धामधुमीतही तो वाचलेल्या पुस्तकांच्या टिपणांची वही लिहीत होता. ती वही आजही उपलब्ध आहे. तिच्यावर त्याने नाव घातलं होतं केऑस, म्हणजे गोंधळ.

१६६० च्या वसंतात तो ॲमस्टरडॅमला पोचला आणि गेरार्ड ब्लासियस या डॉक्टरांच्या घरी राहून शिकू लागला. वय बावीस. तिथे येऊन जेमतेम काही दिवस झाले असतील. ७ एप्रिलला त्याने स्वतःच्या पैशाने मेंढीचं एक डोकं विकत आणलं. मेंदू पाहायचा होता. पण कवटी उघडण्याआधी तोंडाच्या आसपासच्या वाहिन्या तपासाव्यात म्हणून त्याने एक बारीक सळई त्यांतून आत सरकवायला सुरुवात केली. एका ठिकाणी सळई अडली नाही. एखाद्या मोकळ्या जागेत गेल्यासारखी ती सहज पुढे सरकली, आणि दातावर आपटून टक्कन वाजली.

आम्ही डॉक्टर मंडळी या आवाजाची किंमत जाणतो. सळई मांसात घुसली असती तर आवाज आलाच नसता. ती एका तयार वाटेने तोंडात उतरली होती. कानाजवळची ग्रंथी लोकांना हजारो वर्षं ठाऊक होती, पण तिचा रस तोंडात पडतो आणि त्याला स्वतःची नळी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. जबड्याखालच्या लाळग्रंथीची नळी इंग्लंडच्या थॉमस व्हार्टन यांनी चारच वर्षांपूर्वी वर्णन केली होती. त्यांच्या ग्रंथींवरच्या पुस्तकात ही नळी नव्हती.

स्टेनोने यजमानांना बोलावून दाखवलं. ब्लासियस यांनी पाहिलं आणि सांगितलं की हात जड पडला, सळईने तूच भोक पाडलंस. मग म्हणाले की ही निसर्गाची एखादी चूक असेल, याच एका मेंढीत असलेली. शेवटी व्हार्टन यांचं पुस्तक काढून पाहिलं. त्यात नाही म्हटल्यावर विषय त्यांच्या दृष्टीने संपला.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण हे दृश्य माझ्या ओळखीचं आहे. मी रेसिडेंट असताना राउंडवर काही वेगळं दिसलं असं म्हणायची सोय नव्हती. पुस्तक आणि सर यांच्यापुढे आपले डोळे कच्चे, असंच आम्ही धरून चालायचो. पुढे मीही तसंच केलं आहे. एका इंटर्न मुलीने रुग्णाच्या गालाच्या आत नळीच्या तोंडाशी काहीतरी पिवळसर दिसतंय असं सांगितलं, तेव्हा मी घाईत अन्नाचा कण असेल म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तोच रुग्ण गाल सुजून परत आला. नळीच्या तोंडाशी खडा अडकला होता. या ग्रंथीत खडे कमी होतात, जबड्याखालच्या ग्रंथीत जास्त, हे मला पाठ होतं. मुलीने मात्र टॉर्च लावून पाहिलं होतं.

स्टेनो वाद घालत बसला नाही. तो लायडनला गेला. तिथल्या विद्यापीठात फ्रान्सिस्कस सिल्वियस नावाचे प्राध्यापक होते. मेंदूच्या बाजूवरची एक खोल खाच आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. सिल्वियस यांनी ऐकून घेतलं, माणसाच्या मृत शरीरात नळी शोधली, ती सापडली, आणि विद्यार्थ्यांसमोर त्यांनी ती दाखवली. नळीला स्टेनोचं नाव चिकटलं ते तेव्हापासून.

बातमी पसरली तशी ॲमस्टरडॅमची भाषा बदलली. ब्लासियस यांनी १६६१ मध्ये आपल्या पुस्तकात ही नळी स्वतःच्या नावावर दाखवली. आधी जे भोक होतं ते आता शोध झालं होतं, आणि शोध गुरूचा, चोरी शिष्याची. परदेशात शिकणाऱ्या, वडील नसलेल्या, पदवीही हातात नसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलासाठी हा आरोप छोटा नव्हता. चोर ठरला असता तर पुढचं शिक्षण आणि नोकरी दोन्ही संपली असती. त्याने कोपनहेगनला बार्थोलिन यांना पत्र लिहून दिवसवार सगळी हकिकत कळवली. त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते पूर्ण शरीररचनेचं आहे. ब्लासियस यांच्या वर्णनात नळी सुरू कुठे होते तेही चुकलं आहे आणि संपते कुठे तेही, असं त्याने दाखवून दिलं. ज्याने ती खरोखर पाहिली, त्याला दोन्ही टोकं माहीत असणारच.

त्याचं दुसरं उत्तर म्हणजे काम. दोन वर्षांत त्याने डोक्यातल्या जवळजवळ सगळ्या ग्रंथी धुंडाळल्या. गाल, टाळू, नाक, पापण्या. १६६१ आणि १६६२ मध्ये ते छापून आलं. त्यातलाच एक निष्कर्ष म्हणजे अश्रू मेंदूतून पिळून निघत नाहीत. डोळ्याच्या वर ग्रंथी आहे, तिला बारीक नळ्या आहेत, पाणी तिथून येतं. लाळेचंही तेच. रक्त ग्रंथीत येतं, ग्रंथी त्यातून रस वेगळा करते, नळी तो पोचवते. आज शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. तेव्हा शरीरातले बरेच द्रव मेंदूतून ओघळतात असं मानणारे लोक होते, आणि ग्रंथी म्हणजे मऊ भराव अशीही समजूत होती.

पुढची वर्षं भराभर गेली. १६६४ मध्ये त्याने सांगितलं की हृदय हा एक स्नायू आहे, बाकी स्नायूंसारखाच. हृदयाला उष्णतेचं आणि प्राणशक्तीचं माहेरघर समजणाऱ्यांना हे फारच रुक्ष वाटलं. मायदेशी नोकरी मिळाली नाही. त्याच सुमारास आई गेली. लायडनची पदवी तो तिथे हजर नसतानाच मिळाली. १६६५ मध्ये पॅरिसला एका विद्वान मंडळीपुढे त्याने मेंदूवर व्याख्यान दिलं आणि सुरुवातच केली ती मेंदूबद्दल आपल्याला काही कळत नाही या कबुलीने. देकार्तसारख्या मोठ्या तत्त्वज्ञाने मेंदूतली एक छोटी ग्रंथी इकडेतिकडे हलून शरीर चालवते असं लिहून ठेवलं होतं. स्टेनोने ग्रंथी भोवतालच्या भागाला कशी जखडलेली आहे ते सांगितलं. ती हलूच शकत नाही.

मग फ्लॉरेन्स. तिथल्या ग्रँड ड्यूकने त्याला आश्रय दिला. १६६६ च्या ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला आणि त्याचं डोकं स्टेनोकडे पाठवलं गेलं. डोकं चिरताना त्याला दिसलं की शार्कचे दात हुबेहूब त्या दगडांसारखे आहेत, ज्यांना लोक जीभदगड म्हणत आणि आकाशातून पडलेले किंवा जमिनीत उगवलेले मानत. दगडात दात कसे आले? त्याच वर्षांतल्या अभ्यासात त्याने असंही मांडलं की स्त्रीच्या ज्या अवयवांना तेव्हा स्त्रीचे वृषण म्हणत, त्यांत अंडी असतात. दातांचा प्रश्न त्याला टस्कनीच्या डोंगरांत घेऊन गेला. १६६९ मधल्या त्याच्या छोट्या पुस्तकात भूविज्ञानाचा पाया आहे. थर एकावर एक साचतात, खालचा जुना, वरचा नवा. घाटातून जाताना सह्याद्रीच्या कड्यावर काळ्या दगडाचे आडवे पट्टे दिसतात, तिथेही लाव्हाच्या थरांचं वय लावताना हाच नियम पहिला वापरला जातो. ते पुस्तक मोठ्या ग्रंथाची नांदी म्हणून लिहिलं होतं. मोठा ग्रंथ कधीच आला नाही.

कारण माणूसच दुसरीकडे वळला होता. ल्युथरन घरात जन्मलेला स्टेनो १६६७ मध्ये कॅथलिक झाला. १६७२ मध्ये कोपनहेगनने त्याला राजाचा शरीरशास्त्रज्ञ म्हणून बोलावलं, पण कॅथलिक असल्यामुळे तिथे त्याचं जमलं नाही. दोन वर्षांत तो परतला. १६७५ मध्ये धर्मगुरू, १६७७ मध्ये बिशप. सदतीस वर्षांच्या वयात त्याने सुरी खाली ठेवली ती जवळजवळ कायमची. हानोव्हरला लाइब्निट्झसारख्या गणितज्ञाशी त्याची भेट झाली. स्टेनोने विज्ञान सोडलं याची लाइब्निट्झला हळहळ वाटत असे. मलाही वाटते. त्याच्या धर्माबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो त्याचा निर्णय. पण त्या बोटांनी आणखी वीस वर्षं काम केलं असतं तर काय काय दिसलं असतं, हा विचार शरीररचना शिकवणाऱ्याच्या मनात येतोच.

उत्तर जर्मनीत त्याने शेवटची वर्षं काढली. बिशपपदाच्या मौल्यवान वस्तू विकून पैसे गरिबांना वाटले. अंगावर जुने कपडे, खाणं तुटपुंजं, उपास फार. पोटात भयंकर वेदना होऊन १६८६ च्या डिसेंबरात श्वेरीन इथे तो गेला. वय अठ्ठेचाळीस. टस्कनीच्या ड्यूकने त्याचं पार्थिव फ्लॉरेन्सला आणवलं आणि सॅन लॉरेंझो चर्चमध्ये त्याचं दफन झालं. १९८८ मध्ये पोपनी त्याला धन्य घोषित केलं. ब्लासियस यांचं नाव आज अभ्यासकांखेरीज फार कुणाला माहीत नाही. तेही चांगले शरीरशास्त्रज्ञ होते, हे न्यायाला धरून सांगायला हवं.

आमच्या गृहस्थांची सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या. या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात, यांचीही तशीच निघाली. पण साधी गाठ वर्षानुवर्षं ठेवली तर तिच्यातलीच एखादी कर्करोगात बदलू शकते, म्हणून ती काढावी लागते. गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर मात्र एक दिवसही घालवू नये. हे त्यांना सांगितलं आणि हेही सांगितलं की नसेला धक्का लागून काही आठवडे, कधी काही महिने ओठ किंवा पापणी ढिली राहू शकते. बहुतेकांची ती परत येते. कायमचं व्यंग क्वचित राहतं, पण राहणारच नाही अशी हमी मी देणार नाही. ते बराच वेळ केसपेपरच्या मागचं चित्र बघत राहिले. मग सही केली.

सर्जरीतल्या माझ्या सहकाऱ्यांनी आधी नस शोधली, तिचे फाटे एकेक करून मोकळे केले आणि मग गाठ उचलली. ऑपरेशननंतर खालच्या ओठाचा कोपरा थोडा खाली राहिला होता. चहा पिताना एक थेंब ओघळायचा, त्याचा त्यांना फार संताप.

गेल्या आठवड्यात ते तपासणीला आले. मी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, घातल्या. डोळे घट्ट मिटायला सांगितले, मिटले. दात दाखवा, दाखवले. मग शिट्टी वाजवा म्हटलं. सरकारी दवाखान्यात शिट्टी कशी वाजवायची म्हणून ते लाजले. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली, आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशींनी कोण आहे रे ते म्हणून आत डोकावून पाहिलं.